ट्रॅकवर मोटरसायकल चालवण्यासाठी सायकलचा सराव कसा आखावा? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी मुलुंडला राहतो आणि अधूनमधून मोटरसायकल ट्रॅकवर चालवायला जातो. मुंबईत तशी सोय नसल्यामुळे कधी श्रीपेरुंबुदूरजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, तर कधी कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठावा लागतो. एवढ्या लांब जाऊन, पैसे भरून मिळालेल्या प्रत्येक सत्राचा उत्तरार्ध थकव्यात जावा, हे आता खटकू लागले आहे. सत्र पंधरा-वीस मिनिटांचे असते. निम्मा वेळ सारे सुरळीत चालते. नंतर कोपराखालचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात, ब्रेकच्या लिव्हरवरचा दाब हवा तसा कमी-जास्त करता येत नाही आणि वळणात नजर पुढे जाण्याऐवजी चाकापाशीच अडकून राहते. कारीची फेरी साधारण २.१ किलोमीटरची, त्यामुळे तिथले सरळ पट्टे आखूड. मद्रासच्या सुमारे ३.७ किलोमीटरच्या फेरीत निदान बोटे सैल करण्यापुरती उसंत मिळते.

दम वाढावा म्हणून मी सायकल धरली. एरवी पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर आणि रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या चढावर, असा माझा क्रम आहे. दोन सत्रांच्या मधल्या विश्रांतीत श्वास आता लवकर ताळ्यावर येतो, हा फायदा निश्चित झाला आहे; हातांचे दुखणे मात्र जिथल्या तिथे आहे. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतले अनेक स्पर्धक सायकलवर भरपूर सराव करतात, हे मला माहीत आहे; पण दानी पेद्रोसासारख्या कसलेल्या स्पर्धकालाही २०१५ मध्ये हाताच्या याच तक्रारीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. त्यामुळे दम आणि पकड या दोन स्वतंत्र गोष्टी असाव्यात, असे मला वाटू लागले आहे.

माझी मुख्य अडचण अशी आहे, की आठवड्यात सरावाला जे मोजके तास मिळतात, ते लांब पल्ल्याच्या संथ सायकलिंगला द्यावेत की थोडा वेळ पण जोरकस चढाला, आणि त्यांतले किती तास सायकलवरून काढून इतर व्यायामाला द्यावेत, हे ठरत नाही. शिवाय पावसाळ्यात खड्ड्यांतून सायकल काढण्याची माझी तयारी नाही. निकी हेडनसारखा मोटोजीपीचा विश्वविजेता २०१७ मध्ये इटलीत सायकल चालवताना मोटारीची धडक बसून गेला, तेव्हापासून घरचे रस्त्यावरच्या सायकलिंगबद्दल धास्तावलेलेच असतात. घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, केलेला सराव या कामी तितकाच उपयोगी पडतो का? (खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याची घरघर चालेल का, हा प्रश्न माझा मी सोडवीन.)

प्रतिसाद

आपला अंदाज बरोबर आहे. सायकल हृदय आणि फुप्फुसे तयार करते. हाताच्या तक्रारीचे कारण वेगळे आहे. कोपराखालचे स्नायू सतत आवळलेले राहिले की ते रक्ताने फुगतात, त्यांच्याभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नाही, आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठाच अडतो. ब्रेक लावताना शरीराचा भार हँडलवर येतो, तो गुडघ्यांनी टाकी आवळून पायांवर आणि कमरेवर घ्यावा लागतो. मात्र सायकलवर मांड्या फिरत राहतात, तर ट्रॅकवर त्यांना एकाच स्थितीत ताण धरून ठेवावा लागतो, आणि ही क्षमता नुसत्या पेडल मारण्याने येत नाही. भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसणे आणि प्लँक (कोपरे व पायाची बोटे टेकून शरीर सरळ धरून ठेवणे) हे व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी करावेत. लिव्हरचा कोन आणि अंतर आपल्या बोटांनुसार लावून घेतले आहे ना, हेही एकदा पाहावे.

वेळ कमी असेल तर मी जोरकस चढाला झुकते माप देईन: चार मिनिटे बोलता येणार नाही इतक्या जोराने, तीन मिनिटे हलके, असे चार वेळा. अर्ध्या तासात हे आटोपते आणि ट्रेनरवर ते रस्त्यापेक्षा अधिक काटेकोर होते, कारण मध्ये सिग्नल नाही की रिक्षा नाही. एक दिवस संथ आणि लांब फेरी ठेवावीच. सायकलवर वाकून बसल्याने मांडीच्या वरचे पुढचे स्नायू आखडतात आणि वळणात सीटबाहेर सरकताना तेच आडवे येतात. म्हणून सायकलवरून उतरल्यावर ते ताणून मोकळे करणे टाळू नये.

चेन्नईच्या उन्हात लेदर सूट घालून बसायचे असेल, तर मुंबईचा दमटपणा आपल्या फायद्याचा आहे. उष्णतेला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात वातानुकूलित खोलीत सराव करू नये, पाणी आणि मीठ मात्र वेळेवर घ्यावे. हात घट्ट होण्याबरोबर बोटे बधिर होत असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी क्रीडावैद्यक तज्ज्ञाला दाखवावे. तसे काही होते का, ते इथे कळवावे.