एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकतील अशी कमी कटकटीची फुलझाडं सुचवा

अंगणवेल
घरासमोर भिंतीला लागून एक लांबट वाफा आहे, बारा-एक फूट लांब आणि तीन फूट रुंद. एका टोकाला दिवसभर चांगलं ऊन असतं, दुसऱ्या टोकाला सकाळचं जेमतेम तीनेक तास. दर सीझनला रोपं आणायची, दोन-तीन महिने फुलं बघायची आणि मग वाळली की उपटून टाकायची, याचा आता खरंच कंटाळा आलाय. बहुवार्षिक काहीतरी हवंय. पाणी आठवड्यातून दोनदा जमेल, रोज नाही. घरात मांजर आहे आणि दिसेल ते तोंडात घालणारं एक लहान मूलही आहे. आणि प्लीज, 'काहीच करावं लागत नाही हो' असं नका सांगू, जे करावं लागतं तेच सांगा.

ओलीमाती
सदाफुली!! डोळे झाकून लावा. ऊन कितीही असू दे, पाणी विसरलात तरी चालतं, उलट जास्त पाणी झालं तरच मुळं कुजून मरते. बी स्वतःच पडतं आणि शेजारी नवी रोपं येतात. सोबत रेन लिलीचे कंद लावा, दोन इंच खोल, आणि विसरून जा. पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांत अचानक फुलं, इतकं भारी वाटतं ना.

खुरपं
ओलीमाती, झाडं दोन्ही चांगलीच आहेत पण मांजर आणि लहान मूल वाचलं नाही का? सदाफुली विषारी आहे. कॅन्सरवरची व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं तिच्यातूनच मिळतात, यावरून ताकद किती ते समजून घ्या. रेन लिलीचे कंदही विषारी. तसंच कण्हेर, अडेनियम आणि घाणेरी म्हणजे लँटाना, ही तिन्ही बिनपाण्याची म्हणून सगळेच सुचवतात पण या घरात नकोत. कण्हेर तर पानापासून फांदीपर्यंत सगळीच विषारी. गुलबक्षीपण नको, तिचं काळं मिऱ्यासारखं बी मूल हमखास उचलणार.

आणि मांजर असेल तर कुठलीही खरी लिली (लिलियम) किंवा डे लिली घरात, अंगणात, फुलदाणीत कुठेच नको. मांजराच्या किडन्या जातात, थोडंसं पान चावलं किंवा अंगावर पडलेले परागकण चाटले तरी. चुकून झालंच तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

अंगणवेल
बापरे, लिलीचं माहितीच नव्हतं. मग राहिलं काय?

खुरपं
बरंच राहिलं. पण आधी एक गोष्ट, झाड कमी कटकटीचं असतं ते जागेमुळे. उन्हाचं झाड सावलीत लावलं की ते मरत नाही आणि फुलतही नाही, मग आपण खत घालतो, पाणी वाढवतो, कीड लागते, फवारे मारतो, सगळी मेहनत तिथेच जाते. म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला वाफ्याचा फोटो काढा, कुठे किती ऊन येतं ते नीट कळेल. सहा तास किंवा जास्त असेल तिथे जास्वंद आणि मोगरा. सावलीकडच्या बाजूला अबोली.

दुसरं म्हणजे निचरा बघा. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि मग परत भरा. दुसऱ्या वेळी तासाला साधारण इंचभर किंवा त्याहून जास्त पाणी उतरलं तर ठीक. पाणी तसंच साचून राहिलं तर वाफा सहा-आठ इंच उंच करून घ्या, नाहीतर पुढची कुठलीच यादी कामाची नाही.

जाईजुई_०७
मोगऱ्याला माझं अनुमोदन. फक्त बहर संपला की छाटायचा, लाज न बाळगता. नवीन फांदीवर कळ्या येतात, जुनी लाकडं तशीच ठेवली तर पसारा नुसता वाढतो. आणि ज्यांचा मोगरा हिरवागार असतो पण फुलत नाही त्यांनी बहुतेक नत्राचं खत सढळ हाताने घातलेलं असतं किंवा जागेला ऊन कमी असतं. वर्षातून दोनदा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, बास.

ओलीमाती
ओके ओके, मान्य, मांजराचं डोक्यातून निसटलंच 😅 मग पेंटास लावा ना. चांदणीसारख्या छोट्या फुलांचे गुच्छ येतात, फुलपाखरं नुसती तुटून पडतात. उन्हात छान होतो, मांजराला धोका नाही. झाड काही वर्षांनी म्हातारं होतं पण फांदी लावली की सहज लागते. लाल, गुलाबी, पांढरा काहीही घ्या पण एकाच रंगाची पाच-सहा रोपं एकत्र लावा, एकेक सुटं लावलं तर लांबून काहीच दिसत नाही.

हिवाळीपाहुणा
आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ असतो म्हणून वेगळा अनुभव. इथे बहुवार्षिक म्हणजे वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात मुळापासून परत फुटतं. थंडीतल्या कोणी वाचत असेल तर डेझीसारख्या फुलांचा एकिनेशिया बघा, मांजरालाही चालतो. वाळलेली बोंडं हिवाळाभर तशीच ठेवा, पक्षी बिया खातात आणि छाटायचं काम वसंतावर ढकलता येतं. सेडम या मांसल पानांच्या झाडाला हलकी माती द्या, भरपूर खत घातलं की दांडे लांबतात आणि मधूनच फाकून आडवे पडतात. पिओनी फुलत नाही म्हणून रडणारे खूप भेटतात, तिचे डोळे, म्हणजे मुळावरचे कोंब, मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल गेले असतील तर नुसती पानंच येतात. अर्थात पिओनी मांजरवाल्यांनी टाळावी, होस्टाही.

अंगणवेल
इथे बर्फबिर्फ नाही, ऊन मात्र भरपूर 😄 जास्वंदाला ती पांढरी कापसासारखी कीड लागते ना, त्याचीच भीती वाटते. आणि अबोलीला तीन तास ऊन पुरेल का?

खुरपं
तीन तासांत अबोली जगेल आणि फुलेल, फुलं थोडी कमी येतील एवढंच. वाळलेले तुरे काढत राहा म्हणजे नवीन येतात. शेवटचे दोन-चार मात्र ठेवा. वाळलेल्या तुऱ्यावर पाण्याचे थेंब पडले की शेंगा टचकन फुटतात आणि बिया लांब उडतात, कान दिलात तर आवाजही येतो. पुढे आजूबाजूला छोटी रोपं उगवतात, हवी ती ठेवा, बाकीची द्या कोणालातरी.

मिलीबगचं म्हणाल तर जास्वंदावर तो येणार, नाही येणार असं सांगणारा खोटं बोलतोय. पण लवकर दिसला तर काही नाही. मुंग्यांकडे लक्ष ठेवा. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की वर मिलीबग किंवा मावा बहुतेक असतोच, त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या जातात आणि वर त्यांची राखणही करतात. कळीच्या देठाशी आणि पानाच्या बेचक्यात बघा, कोवळा शेंडा मुडपलेला असेल तर तो उघडून बघा. जास्त भरलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बांधून टाका, बाकी झाडावर पाइपने जोरात पाणी मारा. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, त्यात थोडा लिक्विड सोप. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. भर उन्हात मारू नका, पानं करपतात. आणि साधी गावठी एकेरी लाल जास्वंद घ्या, मोठ्या फुलांच्या हायब्रिड जातींचे नखरे जास्त.

जाईजुई_०७
पाण्याचं राहिलंच की. पहिलं वर्ष सोडून द्या असं समजू नका हं, सगळी मेहनत पहिल्या वर्षातच आहे. लावल्यावर पहिले काही आठवडे एक दिवसाआड पाणी लागेल, तेवढं कोणाला तरी सांगून ठेवा. नंतर आठवड्यातून दोनदाच पण भरपूर, पाणी सहा-आठ इंच खाली पोचलं पाहिजे. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि मग एक दिवस पाणी चुकलं तरी झाड मान टाकतं. वरून वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, फक्त खोडाला चिकटवू नका, तिथे कुजतं.

अंगणवेल
मस्त. म्हणजे उन्हाच्या टोकाला एक जास्वंद, मग एक मोगरा, पुढच्या कडेला पेंटास, आणि सावलीकडे अबोली. मध्ये जागा उरेल तिथे अजून काही घालू का? कर्दळ?

खुरपं
आत्ता काही घालू नका. जास्वंद आणि मोगऱ्यात तीन-चार फूट अंतर ठेवा, आज रिकामं दिसेल पण दुसऱ्या वर्षी भरतं. कर्दळ सुंदर असते, मांजरालाही चालते, पण तिला पाणी जास्त लागतं आणि कंद पसरतात, तीन फुटी वाफ्यात मोगऱ्याच्या अंगावर येईल. फारच हवी असेल तर वेगळ्या मोठ्या कुंडीत.

लावायच्या आधी एकच विचारतो, वाफ्यात लव्हाळा आहे का?

अंगणवेल
गवत तर आहे, कुठलं ते कसं ओळखायचं?

खुरपं
दांडा बोटांत फिरवून बघा. तीन धारा लागल्या तर लव्हाळा. तो उपटला की वरचं पान हातात येतं आणि खालची गाठ मातीतच राहते, तिच्यातून परत फुटतो. माती ओली करून फूटभर खणा, काळपट गाठी हाताने वेचा, पंधरा दिवस थांबा, परत फुटेल तो परत खणा. असं दोन-तीनदा झालं की मगच रोपं आणा, कारण एकदा जास्वंदाची मुळं पसरली की तिथे खणता येत नाही.