थंडरबर्ड ३५० नंतर काय?

भोरकर: माझी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड विकायची ठरलंय. जीव आहे तिच्यावर, पण वरंध घाटात वळवताना आता खांदे भरून येतात. ऑनरोड पावणेदोन लाखांच्या आसपास, हलकी आणि जरा पळणारी हवी. बजाजची पल्सर एनएस२०० की यामाहाची आर१५? बायको मागे असते, महाडला माहेर. तिची एकच अट: बसायला फळी नको.

गिअरवेडा: मग आर१५ विसरा. मागची सीट उंच आणि टीचभर. हँडल खाली, त्यामुळे उतारावर सगळा भार मनगटांवर. एकटे असता तर डोळे झाकून तीच सांगितली असती.

जुना_मेकॅनिक: एनएस घ्या, पण ट्रायल घाटात मारा, शोरूमसमोर नको. थंडरबर्डचा २८ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४००० आरपीएमलाच (मिनिटाला फेरे) मिळतो. एनएसचा जेमतेम १८-१९, तोही ८००० ला. वरच्या गिअरात डुगडुगत चढायची सवय मोडा, गिअर पाडत राहावं लागेल. हात बसला की मग २४.५ पीएसची ताकद काय ते कळतं! वजनही तीसेक किलो कमी.

सातारी: टीव्हीएसची अपाचे २०० बघा की. गिअर पाचच, पण स्लिपर क्लच आहे, उतारावर पटापट गिअर पाडले तरी मागचं चाक उडत नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुने भाव धरून बसू नका.

भोरकर: रविवारी एनएस आणि अपाचे, दोन्हींची ट्रायल. बायकोला घेऊनच जातो, निकाल तीच देणार.