वर्षभर दाढीचं सामान घ्यायचं नाही, जमेल का?

खुंटवाला: काल कपाट आवरलं. साबणाच्या ९ वड्या, ४ क्रीम, ३ ब्रश आणि पात्यांची १२ पाकिटं निघाली. दाढी मात्र एकच! म्हणून ठरवलंय, वर्षभर नवीन काही आणायचं नाही. पाकिटात १० म्हणजे १२० पाती, एकेका पात्यात ५ दाढ्या आरामात होतात. झाल्या ६००. गणित चुकतंय का?

फेसाळ: गणित बरोबर आहे, खोट मनात आहे. पाती कुठे संपतात? नवा वास खुणावतो. मी दुसऱ्याच महिन्यात घसरलो होतो.

जुनंपातं: आधी उघडलेली क्रीम संपवा, ती वाळतात. वडी मात्र दाढीनंतर नीट सुकू दिलीत तर वर्षानुवर्षं टिकते. आणि पातं टॉवेलने पुसू नका, धार बिघडते आणि बोट कापतं ते वेगळंच. नुसतं झटकायचं.

खुंटवाला: क्रीमची एक डबी उघडली. वरचा थर खडूसारखा झालाय, खाली लोण्यासारखं मऊ. उद्यापासून हेच. बरं, आफ्टरशेव्ह सामानात धरायचं का?

फेसाळ: बघा, पहिल्याच दिवशी पळवाट!