मदत हवी आहे: वनस्पती तूप न घालता गहू-नाचणीची नानकटाई चहात टिकेल का?

नमस्कार मंडळी,

मी गुहागरजवळ राहते. पावसाळ्याच्या तोंडावर आप्पांची (माझे सासरे) अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बटर, खारी, टोस्ट सगळं बंद केलंय. पण चार वाजता चहासोबत बुडवायला काहीतरी लागतंच त्यांना, चाळीस वर्षांची सवय आहे. म्हणून घरीच नानकटाई करून बघतेय.

आधी मैदा २०० ग्रॅम, वनस्पती तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम असं घ्यायचे. दिवाळीत सासूबाई हेच साहित्य डब्यातून बेकरीत नेऊन भट्टीत भाजून आणायच्या. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक चरबी) जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे हे खरं, पण वनस्पती घट्ट राहतं ते सॅच्युरेटेड फॅटमुळे, आणि तेच आम्हाला कमी करायचंय.

आता कणीक १००, नाचणीचं पीठ ६०, बेसन ४० ग्रॅम घेते. पहिल्यांदा घाण्याचं शेंगदाणा तेल १०० ग्रॅम घातलं. ओटीजीत १६० अंशांवर दहा मिनिटांतच सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. गार झाल्यावर उचलायला गेले तर बोटात भुगा. तूप फेसताना त्यात हवा धरली जाते, तेलात ती धरली जात नाही, आणि नाचणीत ग्लुटेन नाही, एवढं कारण कळलं.

मग खोबरेल फ्रीजमध्ये थिजवून घेतलं. आकार सुरेख आला! पण खोबरेलात जवळपास ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे आप्पांसाठी ते वनस्पतीपेक्षा बरं म्हणता येणार नाही. घरचं नारळाचं म्हणून डोळे मिटून घालावं असं मला वाटत नाही.

तिसऱ्या खेपेला तेल ७० ग्रॅमवर आणलं, दोन चमचे दूध घातलं आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवलं. कणकेतला कोंडा सावकाश पाणी पितो, त्यामुळे तडे कमी गेले. तरी कपात बुडवली की अर्धी तळाशी जाते. आप्पा ती चमच्याने काढून खातात, मला एक शब्द बोलत नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

(तवसळी, म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, ओव्हनमध्ये छान होते, मैदाही नको आणि वनस्पतीही. तवशाच्या (मोठ्या काकडीच्या) पाण्याने आणि गुळाने ती धरून राहते. पण ती चहात कशी बुडवणार?)

आता डोक्यात काजू आहेत. इथे काजूकणी स्वस्त मिळते आणि काजूतली चरबी बरीचशी शेंगदाण्यासारखीच, मोनोअनसॅच्युरेटेड. कणी वाटून घट्ट लोणी करायचं आणि निम्म्या तेलाऐवजी ते घालायचं. कुणी केलंय का? प्रमाण काय घेतलंत? नाचणी ६० वरून ३० ग्रॅमवर आणू का? आणि पीठ फ्रीजमध्ये ठेवून मग वळलं तर तेलाचीही पसरायची थांबते का?

आणखी एक. कणकेची बिस्किटं या हवेत दुसऱ्याच दिवशी सादळतात. कमी आंचेवर पुन्हा भाजून ठेवली तर आठवडा निघेल का? रविवारी पुढचा घाणा करणार आहे, त्याआधी कुणी सांगितलंत तर फार बरं होईल.