इंटरनेटचा करार संपतोय, कंपनी बदलू का?

नमस्कार मंडळी,

आमचा घरच्या ब्रॉडबँडचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. तारीख उलटली की सवलत बंद आणि बिल वाढणार, असं कंपनीचं पत्र आलंय. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस दारावर येऊन पाचपट स्पीड देतो म्हणून सांगून गेला.

खरा त्रास वेगळाच आहे. रविवारी भारतात आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजतं, आवाज तुटतो. आई बोलत राहते आणि आम्हाला निम्मंच ऐकू येतं. ह्यांच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येही तेच. कंपनी बदलावी, की आहे त्यांच्याशीच घासाघीस करावी?

— वाचनालय समिती

---

ताई, नमस्कार.

त्या दारावरच्या माणसाला इतक्यात होकार देऊ नका. दुखणं घरातल्या वायफायचं आहे की बाहेरून येणाऱ्या लाइनचं, हे आधी ठरवा. राऊटरला लॅपटॉप केबलने जोडा, बाकीची उपकरणं बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट करा. एकदा दुपारी, एकदा रात्री जेवणानंतर. मग तीच टेस्ट तुम्ही कॉल जिथे बसून करता तिथून वायफायवर करा. केबलवर उत्तम आणि वायफायवर वाईट असेल, तर कंपनी बदलून काहीही होणार नाही. राऊटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात असेल तर उघड्यावर आणा. इमारतीत राहत असाल तर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच असतात, १, ६ आणि ११. सगळे शेजारी त्यातच. कॉलसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा, फक्त ते भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतं.

टेस्टमध्ये अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाचा, आकडा जरूर लिहून ठेवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण तीन-चार मेगाबिट पुरतात, म्हणजे पाचपट डाउनलोडचा आईच्या आवाजाशी फारसा संबंध नाही. अपलोड अरुंद असेल आणि त्याच वेळी कुणाचा फोन शनिवारच्या कार्यक्रमाचे फोटो क्लाउडवर चढवत असेल, तर अरुंद जिन्यातून कपाट वर नेताना मागचे सगळे खोळंबतात तसे कॉलचे पॅकेट, म्हणजे आवाज-चित्राचे छोटे तुकडे, अडकतात. तुमचा कॉल नेमका रविवारी तुटतो, म्हणून हे आधी तपासा.

आणखी एक. काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आई-बाबा ७ हजार किलोमीटर दूर असतील तर जाऊन-येऊन १४ हजार, म्हणजे किमान ७० मिलिसेकंद. समुद्रातल्या केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. हा उशीर कुठलीही कंपनी घालवू शकत नाही. पण एवढ्या उशिराने आवाज तुटत नाही. तुटतो तो पॅकेट वाटेत हरवल्यामुळे किंवा मागेपुढे पोचल्यामुळे. म्हणून बाबांनाही एकदा राऊटरजवळ बसून बोलायला सांगा, दोष त्या टोकालाही असू शकतो.

— ध्वनिव्यवस्था समिती

---

काका, मनापासून आभार. टेस्ट केली. केबल आणि वायफाय, दोन्हीकडे आकडे जवळजवळ सारखेच. डाउनलोड ठीक, पण अपलोड दुपारी ८ मेगाबिट आणि रात्री जेमतेम ३. बाबा राऊटरजवळ बसले तरी फरक नाही. फोटोंचं आपोआप चढणं बंद केलं तेव्हा कॉल बराच सुधारला, पण ह्यांची मीटिंग आणि माझा कॉल एकाच वेळी असले की पुन्हा तुटतो. आता गोंधळ असा की आमच्या बिलावर 'फायबर' असंच लिहिलंय!

— वाचनालय समिती

---

ताई, भिंतीकडे बघा. राऊटरची वायर टेलिफोनसारख्या सॉकेटमध्ये जात असेल, तर फायबर फक्त रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत आलंय आणि तिथून तुमच्या घरापर्यंत तांब्याची तार आहे. तांब्यावर अंतर वाढेल तसा वेग घसरतो. घरापर्यंत खरं फायबर असेल तर बारीक केबल एका छोट्या डबीत शिरते, तिचं टोक बहुधा हिरवं असतं.

त्यामुळे माझं मत आता स्पष्ट आहे: तुम्ही लाइन बदला. कंपनी तीच राहिली तरी चालेल. आधी आहे त्या कंपनीला फोन करून थेट विचारा, घरापर्यंत फायबर देता का? 'आमचा करार संपतोय, दुसरीकडे फायबर मिळतंय' हे वाक्य तारखेच्या आधी बोललं तर त्याला वजन असतं. ते फक्त स्वस्त दर देऊन तीच तांब्याची लाइन पुढे चालवायला लागले, तर घेऊ नका. नव्या करारात अडकून पडाल आणि रविवार तसाच जाईल.

नव्या कंपनीला विचारायचे प्रश्न: अपलोड किती? करार चालू असताना दर वाढवणार का, आणि किती? मध्येच घर बदललं तर दंड किती? घरातला कॅमेरा बाहेरून पाहत असाल तर हेही विचारा की स्वतंत्र आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) मिळतो की अनेक ग्राहकांत एकच. जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) पत्त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला, म्हणून बऱ्याच नव्या कंपन्या एक पत्ता अनेकांत वापरतात. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तो असा सामायिक समजा.

फायबरही शेजाऱ्यांत वाटलेलंच असतं. जीपॉन नावाच्या सर्रास वापरातल्या पद्धतीत एका तारेवर सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड असतं, आणि त्यावर बऱ्याचदा ३२ घरं असतात. तरी तांब्याच्या तुलनेत ते कितीतरी मोकळं. त्याच इमारतीतल्या कुणाला रात्रीचा अनुभव विचारता आला तर सगळ्यात उत्तम.

— ध्वनिव्यवस्था समिती

---

मधेच बोलतो. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. फायबरवर गेल्यावर लँडलाइन सहसा राऊटरमधून चालते, म्हणजे वीज गेली की फोनही गेला. गळ्यात घालायचं आपत्कालीन बटण लँडलाइनवर असेल, तर ते देणाऱ्यांना बदलाच्या आधी कळवा आणि बदलानंतर बटण दाबून खात्री करा. दुसरं, ज्यांचा ईमेल पत्ता ब्रॉडबँड कंपनीचा आहे त्यांचा तो बंद होऊ शकतो. बँक, विमा, पासपोर्टचे अर्ज, सगळीकडे आधी नवा पत्ता द्या. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांचे पत्ते अजून तसेच आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

— ज्येष्ठ नागरिक गट

---

काका, दोघांचेही आभार. आमच्या कंपनीकडे आमच्या गल्लीत घरापर्यंत फायबर नाही, त्यांनी फक्त सवलत पुढे चालू ठेवायची तयारी दाखवली. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे नव्या कंपनीचं फायबर आहे, त्यांच्याकडे रात्री नऊला बसून टेस्ट करून आले, अपलोड उत्तम. तेव्हा बदलतोय. जुनी लाइन लगेच तोडू, की थोडे दिवस दोन्ही ठेवू?

— वाचनालय समिती

---

दोन्ही ठेवा, ताई. नवी लाइन आठवडाभर नीट चालली की मगच जुनी बंद करायला सांगा. फक्त नोटीस किती दिवस आधी द्यायची ते करारात आजच बघा, म्हणजे त्या हिशोबाने नव्या जोडणीची तारीख घेता येईल. जुना राऊटर परत मागतील, तो पाठवल्याची पावती शेवटचं बिल येईपर्यंत जपून ठेवा.

— ध्वनिव्यवस्था समिती