हर्निया स्क्रीनवर हाताला लागत नाही

सुईदोरा
परवा इथे एक लेख वर आला होता: ‘कोविडने सिद्ध केलं, मुलांच्या सर्जनची निम्मी ओपीडी फोनवर उरकते. पुढच्या साथीतही हाच मार्ग.’ खाली टाळ्यांचा पाऊस. मला त्या ‘उरकते’चाच राग आला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, बरं झालं. पण आमच्याकडचं निदान बोटांत असतं. न उतरलेलं वृषण घ्या. हात गरम करायचे, मुलाला मांडी घालून बसवायचं, जांघेतून खाली चाचपत यायचं. खाली ओढल्यावर पिशवीत टिकलं तर ते नुसतं पळणारं, ऑपरेशन नको. सोडताच वर गेलं तर वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन. आता हे कॅमेऱ्यात दाखवा बरं मला.

(आणि त्यासाठी सोनोग्राफी लिहून पाठवणं बंद करा. सापडलं किंवा नाही सापडलं, दोन्ही रिपोर्टांनी निर्णय बदलत नाही.)

ओपीडी_सात
वा! शंभर आजारांतून कॅमेऱ्याला सगळ्यात नावडता तेवढा उचललात. बेंबीचा हर्निया? बहुतेक ४-५ वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो, व्हिडिओवर स्वच्छ दिसतो. ऑपरेशननंतरचे टाके? आणि स्टोमा, म्हणजे शी बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड?

स्टोमावाल्या बाळांचं लॉकडाऊनमध्ये काय करणार होतात तुम्ही? गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर, त्यात ई-पास. कशासाठी, तर कातडी सोलवटली म्हणून. बहुतेक वेळा कारण एकच, पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीचं भोक मोठं कापलेलं. स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं, जास्त झालं की शी कातडीवर झिरपते. पुसा, पूर्ण कोरडं करा, मग चिकटवा. स्टोमा लाल-गुलाबी आणि ओलसर असेल तर घरी राहा, काळपट पडला तर निघा. एवढ्याला हात लागत नाही.

शीची जागा ऑपरेशनने नव्याने केलेल्या बाळांचं डायलेटेशनही (ती जागा आवळू नये म्हणून सळई घालून रुंद करणं) तसंच. दोन आठवड्यांनी सुरू, दिवसातून दोनदा, दर आठवड्याला एक नंबर वर. आईला एकदा समोर शिकवलं की पुढचं फोनवर चालतं.

सुईदोरा
‘एकदा समोर शिकवलं की.’ धन्यवाद, माझा मुद्दा तुम्हीच लिहिलात.

रात्रपाळी
दोघंही सोयीचं बोलताय. खरी मारामारी रात्री दहाच्या पोटदुखीवर होते. मुलांच्या अपेंडिक्सच्या स्कोअरचे १० गुण. दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं १, जेवण नको १, उलटी-मळमळ १, ताप १, खोकताना किंवा लंगडी घालताना दुखणं २. म्हणजे ६ गुण व्हिडिओवर मिळतात. मुलाला एका पायावर उडी मारायला सांगा, तोंड बघा.

सुईदोरा
आणि ६ म्हणजे? ना धड हो, ना धड नाही. उरलेले ४ गुण, म्हणजे पोटात उजवीकडे खाली दाबल्यावर दुखण्याचे २ आणि रक्ततपासणीचे २, तेच तर निर्णय करतात. शिवाय त्या काळात ताप-पोटदुखीमागे कोविडनंतर २ ते ६ आठवड्यांनी येणारा एमआयएस-सी (मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) असायचा. डोळे लाल, अंगावर पुरळ. ते मिणमिणत्या बल्बखाली दिसतं?

रंगाचं निघालंच आहे तर, फोन रंग ‘सुधारतो’. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ समजून पळायचं, ती स्क्रीनवर पिवळी दिसते. पांढरट शी, म्हणजे पित्तनलिका बंद असल्याची खूण, तपकिरी दिसते. अशा बाळाला पित्ताला वाट करून देणारं ‘कसाई’ ऑपरेशन (जपानी सर्जनचं नाव) ६० दिवसांच्या आत हवं. तिथे फोटो बघून ‘आठवडाभर बघू’ म्हटलं की गेलं यकृत.

ओपीडी_सात
मग फोटो नीट काढायला शिकवा ना! खिडकीपाशी, फ्लॅश बंद, खाली पांढरा कपडा, मापासाठी बाजूला एक रुपयाचं नाणं. एक लांबून, एक जवळून. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते फोटो दाबून त्यातला तपशील घालवतं.

कुलूपकिल्ली
थांबा. हे फोटो राहतात कुठे? बाळाच्या जांघेचे, शीच्या जागेचे. गॅलरीतून आपोआप क्लाउडवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने नर्सच्या सांगण्यावरून मुलाच्या सुजलेल्या जांघेचे फोटो काढले. गूगलच्या यंत्रणेने ते बाल लैंगिक शोषण ठरवलं, खातं बंद. पोलिसांनी गुन्हा नाही म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. आणि तुम्ही एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगताय!

ओपीडी_सात
बॅकअप बंद करा, पाठवल्यावर पुसून टाका. संपलं.

कुलूपकिल्ली
नाही संपलं. पालक पुसेल, डॉक्टरला पुसता येत नाही. त्याच २०२० च्या तत्त्वांत सल्ल्याची नोंद, रिपोर्ट, प्रतिमा जपून ठेवायला सांगितलंय. म्हणजे तुमच्या फोनमध्ये, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी.

रात्रपाळी
कामाचा फोन वेगळा ठेवा की राव.

कुलूपकिल्ली
किती जण ठेवतात? हात वर करा.

ओपीडी_सात
आता तुम्ही टोमणेच मारताय. साथ चालू असताना वॉर्डात गर्दी करून कोविड वाटायचा होता का?

मोजमाप
फोटो राहू द्या, औषध बघा! ऐकू आलेल्या आकड्याने घात होतो. पॅरासिटामॉलचे थेंब १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, साधं सिरप १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर, म्हणजे प्रति मिलिलिटर २४. फोनवर ‘पाच मिली द्या’ म्हटलं आणि घरात थेंबांची बाटली निघाली तर चौपट. दहा किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅमच्या जागी ५०० जातं. बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावा, लेबल स्वतः वाचा.

सुईदोरा
हे मात्र छापून भिंतीवर लावण्यासारखं.

आता जांघेच्या हर्नियाचं राहिलंय. त्या लेखात ‘आईला फोनवर फुगवटा आत ढकलायला शिकवा’ असं होतं. मूल शांत करून, आडवं झोपवून आपोआप गेला तर ठीक. कडक, लाल, दुखरा आणि वर उलटी, तर हात लावायचा नाही, तडक निघायचं. वर्षाच्या आतल्या बाळात अडकण्याचा धोका जास्त, म्हणून कोविडात याच्या ऑपरेशनला ‘पुढे ढकलता येणारं’ म्हणणंच चूक होतं. आणि वृषणाला पीळ पडला असेल तर हातात सहाएक तास असतात. त्यातला एक व्हिडिओ जोडण्यात घालवायचा?

ओपीडी_सात
नाही, पिळाला व्हिडिओ नको, मान्य. ‘उरकते’ हा शब्दही मागे घेतो, मी लिहिला नसला तरी. स्टोमाचं तुम्ही अजून बोलला नाहीत.

सुईदोरा
स्टोमा, टाके, डायलेटेशन घ्या फोनवर, कृपा केली. पहिली भेट मात्र समोर, तपासणीच्या टेबलावर. ट्यूबलाइटखालचा फोटो पाठवलात तर परत पाठवीन.

कुलूपकिल्ली
आणि तो फोटो राहणार कुठे?