बायकांनी नुसतं लिहिलं?

गोदाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "मुलींचं शिक्षण पुरुष सुधारकांनी आणलं, लेखिकांनी मागाहून नुसत्या तक्रारी केल्या." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात वर्गावर उभ्या राहिल्या आणि १८५४ साली 'काव्यफुले' छापून शिका म्हणून सांगत होत्या. ही तक्रार? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी अख्ख्या बाईजातीला झोडपलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून थेट विचारलं की आमच्या माथी मारता ते दुर्गुण तुमच्यात नाहीत का. ते पुस्तक पुन्हा छापायला १९७५ उजाडलं. इतकी वर्षं ते कुणी अडगळीत ठेवलं?

सिन्नरकर:
ते वाक्य माझंच. ताराबाईंना वडिलांनी शिकवलं, लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्याने. शाळा काढल्या जोतीरावांनी. त्यांचं श्रेय का नाकारता? आणि पुस्तकाने मुलगी कॉलेजात पोचते का? आमच्या गावची संध्याकाळची गाडी बंद झाली आणि पुतणी बारावीनंतर घरी बसली. त्यावर लिहा.

दिंडोरीची मास्तरीण:
गाडीचं खरं आहे. पण गाडी असतानाही मुली गळतात. द्राक्षाच्या डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत, माझ्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे असतात. सहावीतली एक दहा दिवसांनी आली, बोटं औषधाने चिकट, वहीला डाग. "भाऊ कुठंय?" विचारलं. "त्याची परीक्षा हाय, मॅडम." परीक्षा तिचीही होती.

सिन्नरकर:
मजूर मिळत नाहीत मॅडम. बाग गेली तर वर्षाचं पीक गेलं. शेतकऱ्यालाच आरोपी करू नका.

निफाडची सून:
दादा, मजूर मिळत नाहीत म्हणून मुलगाही बागेत उतरतो का? माझ्या सासऱ्यांनी बी.एड.चा फॉर्म हातातून काढून घेतला, "छाटणीनंतर बघू" म्हणाले. सात छाटण्या झाल्या.

गंगापूर रोड:
विषय लेखिकांचा होता. द्राक्षं, गाड्या कुठून आल्या?

निफाडची सून:
विषय हाच आहे. तुम्हाला मुलींच्या अर्धवट सुटलेल्या शाळा नकोत, जुनी पुस्तकंच हवीत.

वाचनालयवाला:
आणि एक नाव कुणीच घेतलं नाही. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध छापून आला. अवघी चौदा वर्षांची. यादी करताना ती नेहमी का सुटते, ते मला कळतं आणि त्याचा राग येतो.

गोदाकाठ:
चूक माझी. तिचं नाव पहिल्यांदा यायला हवं होतं. सिन्नरकर, शिकवलं पुरुषांनी, कबूल. पण शिकून लिहायला जी छाती लागली ती बायकांची होती. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. घरातलं सोवळं, वडिलांचा धाक, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नाव घेऊन लिहिलं. ते कुणी शिकवलं होतं?

सिन्नरकर:
'नुसत्या तक्रारी' हे शब्द मागे घेतो. बाकी मत तेच. गाडीशिवाय काही होत नाही.

दिंडोरीची मास्तरीण:
मग सोमवारी पुतणीला घेऊन या. वसतिगृहाचा फॉर्म मी भरून देते. आणि निफाडच्या ताई, तुमचा बी.एड.चा पण.